नोटीस लागली, लस कोणाकोणाला मिळाली?

वाचकांचे प्रश्न : पावसाळ्याआधीचा अंक

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधून या वेळी आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला. दवाखान्यात काम करणाऱ्यांना फ्लूची लस सक्तीची करावी का, करता येते का, आणि द्यायचीच तर नीट कशी द्यावी? सिस्टर, ट्रस्टी, औषधविक्रेते, आशाताई अशा सगळ्यांनी लिहिलं आहे. नावं छापलेली नाहीत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या खासगी रुग्णालयात नोटीस लागली आहे : ‘३१ मेपर्यंत फ्लूची लस न घेणाऱ्यांना ड्यूटी मिळणार नाही.’ लसीला माझा विरोध नाही, पण ही सक्ती कायद्यात बसते का? – एक परिचारिका, चिपळूण

आरोग्य कर्मचाऱ्यांनी फ्लूची लस घेतलीच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालय त्यांना ही लस घेण्याची शिफारस करतं, आणि शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. आपल्या राज्यात सरकारी केंद्रांतून गरोदर माता, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी ही लस मोफत देण्याचं धोरण आहे, तेही ऐच्छिक.

सर्वोच्च न्यायालयाचा २ मे २०२२ चा निकाल कोविडच्या लसीबद्दल होता. त्यात न्यायालयानं म्हटलं की, शरीरावरचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात येतो आणि कोणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी काही बंधनं घालता येतील, पण ती धोक्याच्या प्रमाणात हवीत. हा निकाल फ्लूवर नाही. तरी असा वाद पुढे गेला, तर ‘धोक्याच्या प्रमाणात’ या शब्दांवरच तो तोलला जाईल.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी नेमणूकपत्र काढून वाचा. लसीकरणाची अट त्यात आहे का ते बघा. मग प्रशासनाला साधा अर्ज द्या आणि तीन गोष्टी लेखी विचारा : लसीचा खर्च कोण करणार, वैद्यकीय कारणानं सूट हवी असेल तर ती कोण ठरवणार, आणि लस न घेणाऱ्याला दुसऱ्या विभागात काम देणार की बिनपगारी घरी बसवणार. पोच घ्यायला विसरू नका. नोटिशीवरून वॉर्डात भांडत बसण्यापेक्षा अशा अर्जानं काम लवकर होतं, कारण बहुतेक वेळा नोटीस काढणाऱ्यानं या तीन प्रश्नांचा विचारच केलेला नसतो.

आमच्या ट्रस्टचं ३० खाटांचं रुग्णालय आहे, ४६ कर्मचारी. अमेरिकेत सक्तीनं जवळजवळ शंभर टक्के लसीकरण झालं असं वाचलं. आम्हीही ठराव करावा का? – एक विश्वस्त, देवरुख

तुम्ही वाचलं ते खरं आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयानं २००५ साली ही सक्ती पहिल्यांदा आणली. त्याआधी तिथले ५४ टक्के कर्मचारी लस घेत. पहिल्याच वर्षी हा आकडा ९७.६ वर गेला. मात्र परिचारिकांची संघटना लवादाकडे गेली आणि जिंकली. संघटनेशी न बोलता एकतर्फी लादलेली अट टिकली नाही, आणि लस न घेणाऱ्या परिचारिकांना मास्क लावायला सांगून मार्ग काढावा लागला. सेंट लुईसच्या बीजेसी या रुग्णालयसमूहानं २००८ मध्ये सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना सक्ती केली. ९८.४ टक्क्यांनी लस घेतली आणि ८ जणांची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यानं सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर अट घातली. ऑक्टोबर २००९ मध्ये लसीचाच तुटवडा पडला, न्यायालयातही आव्हान उभं राहिलं, आणि हुकूम मागे घ्यावा लागला. म्हणून ठरावाआधी डोस मोजा.

‘लस घ्या नाहीतर मास्क लावा’ हा मधला मार्ग कॅनडात बऱ्याच ठिकाणी वापरला गेला. ओंटारिओत लवादांनी तो २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये फेटाळला. खोकला नसलेल्या, पण लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यानं पूर्ण हंगाम मास्क लावल्यामुळे रुग्ण वाचतात याला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्हालाही हा मार्ग पटत नाही. मास्कचा असा बिल्ला झाला की वॉर्डात दोन तट पडतात. शिवाय जुलैच्या दमट हवेत तीनपदरी मास्क काही तासांत ओला होतो, आणि ओला मास्क निरुपयोगी असतो. त्यापेक्षा नियम असा ठेवा : खोकला किंवा सर्दी असलेल्या प्रत्येकानं, लस घेतली असो वा नसो, मास्क लावायचा आणि ओला झाला की बदलायचा.

आता मूळ मुद्दा. कर्मचाऱ्यांच्या लसीनं रुग्णांचा किती फायदा होतो? स्कॉटलंडमध्ये वृद्धांची दीर्घकाळ काळजी घेणाऱ्या २० रुग्णालयांत याचा अभ्यास झाला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. जिथे कर्मचाऱ्यांना लस देऊ केली होती तिथे १३.६ टक्के रुग्ण दगावले, जिथे नव्हती तिथे २२.४ टक्के. फरक मोठा दिसतो. पण रुग्णांच्या नाकातले नमुने तपासले तेव्हा दोन्हीकडे फ्लूचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. म्हणून नंतरच्या आढाव्यांत या निष्कर्षाला कच्चा पुरावा म्हटलं गेलं. लस घेणाऱ्याचा स्वतःचा फायदा मात्र पक्का आहे. लसीतले आणि फिरणारे विषाणू जुळले, तर दवाखान्यात जावं लागण्याइतका फ्लू होण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. फ्लूचा माणूस ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला आजार देऊ लागतो, त्यामुळे ‘ताप आला की घरी बसेन’ एवढ्यानं भागत नाही.

यावरून आमचं मत असं आहे : लस प्रत्येकाला सहज मिळेल अशी व्यवस्था करणं ट्रस्टचं कर्तव्य आहे. नोकरी घालवण्याइतकी सक्ती करण्याएवढा पुरावा मात्र आज नाही. पहिल्या वर्षी ठराव सक्तीचा नको, सोयीचा करा, आणि तो असा राबवा.

एप्रिलमध्ये यादी करा. डॉक्टर आणि सिस्टर तर हव्यातच, पण मावशी, वॉर्डबॉय, केसपेपरच्या खिडकीवरची मुलगी, लॅब आणि एक्स-रेचे तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचा चालक, वॉचमन आणि कॅन्टीनवालाही घ्या. कंत्राटी माणसं यादीतून हमखास सुटतात आणि रुग्णाच्या सगळ्यात जवळ तीच असतात. रुग्णाला कुशीवर वळवताना त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर मावशीचं तोंड असतं. ४६ माणसं असतील तर एकेका डोसच्या भरलेल्या सिरिंज ४६च मागवा. बहुडोसाच्या कुपीसारखी त्यात वाया जाण्याची भर धरावी लागत नाही.

लसीकरण एकाच सकाळी उरकू नका. ८ वाजताची ड्यूटी बदलताना रात्रपाळीही सापडते आणि सकाळपाळीही, म्हणून पहिलं सत्र साडेसातला ठेवा. दुसरं दुपारी दीडला. रात्रपाळीतले जे दोन्हींत सुटतात त्यांच्यासाठी एका रात्री ९ वाजता ट्रे घेऊन वॉर्डावर जा. हे एवढंसं काम केलं नाही, तर यादीतली शेवटची दहा-बारा नावं कोरीच राहतात. एका वॉर्डच्या सगळ्यांना एकाच दिवशी टोचू नका. दंड दुखणं आणि एखादा दिवस कणकण हे अपेक्षित असतं, म्हणून अर्धे आज, अर्धे दोन दिवसांनी.

नको म्हणणाऱ्याकडून एका ओळीची नकारचिठ्ठी घ्या. त्यात कारण लिहायला जागा ठेवा. या चिठ्ठ्या शिक्षेसाठी नाहीत, वाचण्यासाठी आहेत. ‘मागच्या वेळी लस घेतली आणि लसीनंच फ्लू झाला’ असं कोणी लिहिलं, तर त्याला बोलावून सांगा की टोचायच्या लसीतला विषाणू मेलेला असतो, त्यातून फ्लू होत नाही. पण संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि त्या काळात बाहेरून लागण होऊ शकते. ‘लकवा होतो म्हणतात’ असं लिहिलं असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. गिया-बारे नावाचा, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार फार क्वचित होतो : १० लाख डोसांमागे एखाद-दुसरा जादा रुग्ण, एवढा धोका धरला जातो. आधीच्या फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांत हा आजार झालेल्या माणसाला पुन्हा लस देण्याआधी तज्ज्ञाला विचारावं.

आणि आजारपणाची पगारी रजा. ती नसेल तर बाकी सगळं कागदावर राहतं. रोजंदारीवरची मावशी क्रोसिन घेऊन ताप दाबते आणि कामावर येते, कारण तिची चूल त्या दिवसाच्या पैशांवर पेटते. ठरावात लिहा : फ्लूसारखा आजार असेल तर तापाच्या गोळीशिवाय ताप जाऊन २४ तास होईपर्यंत घरी, पगारासह. त्यानंतर खोकला थांबेपर्यंत मास्क.

लस मागवली तर ठेवायची कुठे? आमच्याकडे साधा घरगुती फ्रीज आहे. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. – एक दवाखानाचालक, गुहागर तालुका

लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये हवी. बहुतेकांना उष्णतेची भीती वाटते. घरगुती फ्रीजमध्ये खरा घात गोठण्यानं होतो. गोठून वितळलेली फ्लूची लस दिसायला अगदी तशीच असते आणि कामातून गेलेली असते. धनुर्वात किंवा हिपॅटायटिस बी लसीसाठी जी कुपी हलवून बघण्याची चाचणी करतात, ती इथे लागू नाही. ती ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लसींसाठी आहे. म्हणून गोठल्याचा संशय आला तरी ती लस बाजूला काढायची.

फ्रीझरखालचा चिलर ट्रे म्हणजे लस गोठण्याची हक्काची जागा. दारात ठेवाल तर दर उघडझापीला तापमान वर-खाली होतं. मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून दोन बोटं लांब, मूळ खोक्यातच ठेवा. खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये आणि दारात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, म्हणजे लाइट गेल्यावर आतला थंडावा थोडा जास्त टिकतो. त्या फ्रीजमध्ये मासळी, दूध, डबे काही नको. किमान आणि कमाल तापमान नोंदवणारा डिजिटल थर्मामीटर खोक्याशेजारी ठेवून सकाळी आणि संध्याकाळी वहीत आकडा लिहा, रविवारीही. प्लगवर चिकटपट्टी लावून ‘बंद करू नये’ लिहा. सफाईच्या वेळी तोच प्लग निघतो.

दुसरी चूक वाटेत होते. औषधांच्या दुकानातला मुलगा थर्माकोलच्या डब्यात बर्फाचे तुकडे टाकून सिरिंज त्यावर ठेवतो आणि एसटीनं पाठवून देतो. दोन-अडीच तासांत बर्फाला टेकलेल्या सिरिंज गोठलेल्या असतात. आइसपॅक फ्रीझरमधून काढून टेबलावर मांडा. त्यांना घाम सुटला आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला, की मगच ते कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात, लावा, चार बाजूंना चार. आपल्याकडे मेमध्ये याला फार वेळ लागत नाही. पॅकमध्ये मीठ घालू नका, मिठाचं पाणी शून्याखाली जातं. लस प्लास्टिकच्या पिशवीत घालून मध्ये ठेवा.

वीज गेली तर फ्रीज उघडू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातला आयएलआर (लसीसाठीचा बर्फाच्या अस्तराचा फ्रीज) बंद झाकणानं बरेच तास थंडावा धरतो, तुमच्या फ्रीजला ते जमत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी लस कुठे हलवायची ते एप्रिलमध्येच ठरवा. जवळच्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून ठेवा आणि त्यांचा फोन नंबर फ्रीजवर चिकटवा. नदीकाठच्या गावात असाल तर फ्रीज पहिल्या मजल्यावर न्या. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना हे वेगळं सांगायला नको. खरं तर सगळ्यात चांगला उपाय लस न साठवण्याचा आहे. आदल्या संध्याकाळी मागवा, दुसऱ्या दिवशी टोचून संपवा.

टोचताना काय काळजी घ्यावी? – एक आरोग्यसेविका, वेंगुर्ले

माणसाला बसवा, उभ्यानं नको. चक्कर लसीपेक्षा सुईच्या धास्तीनं येते. सिरिंज हलवून घ्या. ०.५ मिली, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या जाड स्नायूत, काटकोनात. बाही नीट वर न करता घाईत वरच टोचलं, तर सुई सांध्याजवळच्या पिशवीत जाते आणि खांदा महिनोन्‌महिने दुखतो. ब्लाउजची घट्ट बाही हे त्याचं नेहमीचं कारण, म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा. वहीत बॅच नंबर, मुदत, कोणता हात, वेळ. अर्धा तास बसवून ठेवा. टेबलावर ॲड्रिनॅलिन, म्हणजे जीवघेण्या रिॲक्शनवरचं इंजेक्शन, हवंच. श्वास कोंडला, अंगावर गांधी उठल्या, नाडी पडली, तर प्रौढाला १ मिलीत १ मिलिग्रॅम ताकदीचं ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्या. आराम नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. ॲड्रिनॅलिन देण्याआधी इतर औषधांवर वेळ घालवू नका.

माझी आई एका दवाखान्यात कंत्राटी मावशी आहे. लसीच्या यादीत तिचं नाव नाही, ‘एजन्सीला विचारा’ म्हणतात. – सावंतवाडी

आईला एकटीला भांडायला लावू नका. सगळ्या कंत्राटी बायकांच्या सह्यांचा एक अर्ज दवाखान्याला द्या आणि प्रत एजन्सीला. त्यात एवढंच लिहा की, आम्ही रोज तापाच्या रुग्णांच्या खोल्या पुसतो, बेडपॅन काढतो. दरम्यान सरकारी ग्रामीण रुग्णालयात लस आली आहे का, याची चौकशी करा. आईला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर केसपेपर सोबत न्या.

मी चौथ्या महिन्यात आहे. घेऊ का? आणि मला अंडं चालत नाही. – सिस्टर, अलिबाग

घ्या. मेलेल्या विषाणूची लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात चालते, आणि बाळालाही जन्मानंतरचे काही महिने आईकडून संरक्षण मिळतं. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस मात्र नको. अंड्याची ॲलर्जी आता आडकाठी मानली जात नाही. फ्लूच्याच लसीनं आधी जीवघेणी रिॲक्शन आली असेल, तरच थांबा.

लस घेतल्यावर मासळी बंद करायची का? – बऱ्याच जणी

नाही. काहीच पथ्य नाही.

मी गेल्या ऑक्टोबरमध्ये लस घेतली. मेमध्ये पुन्हा का? – लॅब तंत्रज्ञ, कणकवली

कारण कोकणात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. श्रीनगरकडे तो थंडीत येतो, म्हणून तिथे ऑक्टोबर ठीक. आपल्याकडे मिरग लागण्याआधी दोन आठवडे लस अंगात हवी, म्हणजे मेचा तिसरा आठवडा. पुढे गणपतीला चाकरमानी घरोघर उतरतात, एसटी आणि रेल्वे भरभरून येतात, तोपर्यंत संरक्षण टिकतं. ऑक्टोबरच्या लसीचा असर तोवर बराच उतरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी लसीचे घटक, म्हणजे तिच्यात कोणते विषाणू घ्यायचे ते, फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये जाहीर करते. खोक्यावर कोणत्या हंगामाची लस आहे ते लिहिलेलं असतं. मेमध्ये घेताना मुदत संपत आलेली मागच्या थंडीची लस तर हाती देत नाहीत ना, ते बघा. तीन घटकांची की चार, यावर जास्त पैसे घालू नका. फ्लूच्या बी विषाणूची यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर सापडलेलीच नाही, आणि चौथा घटक तिच्याचसाठी होता.

लस घेऊनही ऑगस्टमध्ये मला १०२ ताप आला. मग उपयोग काय? – आशाताई, राजापूर तालुका

ताई, तो ताप फ्लूचाच होता हे कशावरून? आपल्याकडे भातलावणीनंतरच्या तापात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप), डेंग्यू, मलेरिया हे सगळे असतात. सावंतवाडी-दोडामार्गकडे माकडतापही आहे, पण त्याचे दिवस मुख्यतः थंडी-उन्हाळ्याचे. फ्लूची लस यातल्या कशालाच अडवत नाही. पोटऱ्या दाबल्यावर दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं ही लक्षणं दिसली आणि त्याआधी चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात काम झालं असेल, तर लेप्टो धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा, पेज पिऊन घरी वाट बघू नका. घसा, कोरडा खोकला आणि अंगदुखी एकदम सुरू झाली, तर फ्लूची शक्यता जास्त. गरोदर, दमेकरी, मधुमेही किंवा साठीपुढच्या माणसाला ऑसेलटामिव्हिर या फ्लूवरच्या औषधाचा फायदा पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक. प्रौढाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, डॉक्टरांच्या चिठ्ठीनं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते, तेव्हा जुने रिपोर्ट बरोबर न्या. दम लागला, ओठ निळसर झाले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर चिठ्ठीची वाट न बघता १०८ ला फोन करा.